माइन स्टॉर्म अकराव्या नंबरवर? पटलं नाही

व्हेक्ट्रेक्स या जुन्या गेम-कन्सोलच्या गेम्सची लेखात क्रमवारी लावताना तुम्ही ‘माइन स्टॉर्म’ला, म्हणजे अवकाशातले सुरुंग फोडायच्या गेमला, अकरावा नंबर दिलात, कारण त्यात काळ्या पडद्यावर नुसत्या रेघा दिसतात. अहो, त्या रेघांसाठीच तर १९८२ साली हे मशीन निघालं! बाकीचे कन्सोल टीव्हीवर ठिपके जुळवून चित्र दाखवायचे. याच्या स्वतःच्या ९ इंची पिक्चर ट्यूबवर इलेक्ट्रॉनचा किरण थेट या टोकापासून त्या टोकापर्यंत रेघ ओढतो. मोबाइलवरच्या इम्युलेटरमध्ये, म्हणजे जुन्या मशीनची नक्कल करणाऱ्या ॲपमध्ये, ती जाड आणि सपाट होऊन जाते.

मी व्हेक्ट्रेक्स हातात घेतलेला नाही, पण बेळगावात डिप्लोमाला असताना लॅबमधल्या सीआरओवर, म्हणजे विजेचे सिग्नल पडद्यावर रेघेनं दाखवणाऱ्या यंत्रावर, लिसाजू आकृत्या (दोन सिग्नल मिळून होणारी वळणदार चित्रं) भरपूर काढल्यात. दुपारी पडदे ओढले की ती हिरवी रेघ सुईच्या टोकाइतकी बारीक दिसायची, आणि वळणावर, किरण जिथं हळू होतो तिथं, जास्त उजळ. इंटेन्सिटीचा नॉब थोडा जास्त फिरवला की भोवती प्रकाशाचं वलय धरायचं. निपाणीला घरी आम्ही टीव्हीला जोडून कॅसेटवाले गेम खेळायचो, त्यात असलं तेज कधीच दिसलं नाही. तसल्या उजेडात फुटणारा सुरुंग कसा दिसत असेल, याचा विचार करून नंबर द्या की! आणि हा गेम मशीनमध्येच भरलेला यायचा, वेगळी कार्ट्रिज घ्यावी लागत नव्हती. तेराव्या लेव्हलला तो बंद पडायचा, हा दोष मात्र खरा, आणि नेमका तोच तुमच्या लेखात नाही. तरीही पहिल्या तिनात तो हवाच.