चुकून पडलेला बदामाचा राजा

“घरचा डाव आहे ना जी, उचल म्हणावं पान!” काकाजींच्या या एका वाक्यावरून परवा धरमपेठेतल्या आमच्या कट्ट्यावर तासभर जुंपली.

झालं होतं असं. ब्रिजचा डाव, समोरासमोरचे भागीदार: उत्तर-दक्षिण आणि पूर्व-पश्चिम. दक्षिणेने चार इस्पिक, म्हणजे इस्पिक हुकूम करून तेरापैकी दहा हात करायचे, असं बोलून डाव घेतला. पहिली उतारी, म्हणजे पहिलं पान खेळायची पाळी, पश्चिमेची. पण पूर्वेला बसलेल्या पोट्ट्याने बदामाचा राजा धाडकन टेबलावर टाकला. सगळे “अरे अरे” म्हणेपर्यंत पान सगळ्यांनी पाहिलं होतं.

मास्तर ताठ झाले. “उचलायचं नाही. आधी दक्षिण काय म्हणते ते विचारा.”

“काऊन? त्याची पाळी नव्हती, पान परत घेतलं, झालं. मेंढीकोटात आपण हेच करून राहिलो ना?” काकाजी.

मी इथे मास्तरांच्या बाजूचा, आणि ठामपणे. काकाजींना वाटतं की नियम चुकणाऱ्याला शिक्षा करायला असतो. तसं नाही. ब्रिजमध्ये भागीदाराला आपल्या हातात काय आहे हे फक्त बोलीतून आणि पाळीने टाकलेल्या पानातूनच सांगता येतं. राजा दिसला की पश्चिमेला फुकटात कळलं की बदाम खेळायचे. पान परत हातात गेलं तरी हे कळलेलं कसं परत जाणार? म्हणून निवड चुकणाऱ्याची नाही, समोरच्याची.

आणि ही निवड किती मोठी आहे ते मास्तरांनी पत्ते मांडूनच दाखवलं. सध्याचे डुप्लिकेट, म्हणजे स्पर्धेच्या, ब्रिजचे नियम जागतिक ब्रिज महासंघाचे, २०१७ चे. त्यात ५४वा नियम याच प्रसंगाचा. दक्षिण ही उतारी मान्य करू शकते. मग हवं तर ती स्वतःचे पत्ते उघडून डमी होते, म्हणजे तिचे उघडे पत्तेही भागीदारच खेळतो, आणि उत्तर खेळायला बसते. पूर्व ही उत्तरेच्या डावीकडेच, त्यामुळे उतारी आपोआप योग्य जागी येते. नाहीतर डमी नेहमीसारखा उत्तरेचाच मांडायचा, फक्त राजावर पुढचं पान दक्षिणेने आपल्या हातातून टाकायचं. उतारी नाकारली तर आणखी तीन वाटा: पश्चिमेला बदामच खेळायला लावायचं, बदाम खेळायला मनाई करायची, किंवा काहीही खेळ म्हणायचं. पहिल्या दोहोंत राजा परत हातात जातो. तिसऱ्या वाटेला मात्र तो पेनल्टी कार्ड म्हणून उघडाच पडून राहतो आणि नियमात बसेल त्या पहिल्या संधीला पूर्वेला तो टाकावाच लागतो.

“इतकं कोन लक्षात ठेवते बाप्पा!” काकाजी.

“ठेवायचं नाहीच. म्हणूनच डायरेक्टर, म्हणजे पंच, बोलवायचा. तो पर्याय वाचून दाखवतो,” मास्तर म्हणाले.

पण मनाईत एवढं काय विशेष, हे पोट्ट्याला पटेना. तेव्हा मास्तरांनी दक्षिणेच्या हातात तीन बारके बदाम ठेवले, डमीतही तीन बारकेच. डमीत चौकटचे एक्का, राजा, राणी, गुलाम आणि एक बारकं. दक्षिणेकडे चौकटची दोनच. हुकूम भक्कम, एकही हात जायचा नाही. किलवरचा एक हात जाणार, त्याचा एक्का पश्चिमेकडे. बदामाची उतारी झाली तर तीन बदाम आणि एक किलवर, डाव एकाने बुडतो. आता मनाई करून बघा. पश्चिम किलवरचा एक्का वाजवते, हात जिंकते, आणि तरीही बदाम खेळू शकत नाही! सलग उतारी तिच्याकडे आहे तोवर मनाई चालूच राहते. दुसरं काहीही खेळली की दक्षिण हात घेते, हुकूम काढते आणि तिन्ही बदाम चौकटवर टाकून देते. मास्तर ती पानं एकेक करून टाकत होते तेव्हा पोट्टा टेबलावर अक्षरशः ओणवा झाला होता.

त्याची अडचण मला समजते. तो मोबाइलवर शिकला, आणि तिथे पाळी नसताना पान पडतच नाही.

मग त्याने नेमका प्रश्न विचारला. “मंग डिक्लेअररने, म्हणजे डाव घेणाऱ्याने, डमीतून खेळायचं सोडून हातातून खेळलं तर? त्याले तर काहीच होत नाही!”

काकाजींना हे फार आवडलं. “हे बघा, यात काय न्याय हाये?”

आहे. विरोधकांपैकी कोणीही ते पान मान्य करू शकतो. नाही केलं तर डिक्लेअरर पान परत घेतो, जिथून खेळायचं तिथून, म्हणजे इथे डमीतून, खेळतो, पेनल्टी कार्ड नाही. कारण डमी तर उघडाच आहे, डोकं एकच चालतंय. दिसलेल्या पानातून तो कोणाला काय सांगणार? फायदा झाला तर विरोधकांचाच. मला तरी या दोन नियमांतला फरक हा सगळ्या विषयाचा गाभा वाटतो.

आणखी एक बारकावा मास्तरांनी सांगितला, तो आमच्यापैकी बहुतेकांना नवा होता. राजा परत हातात गेला की पश्चिमेने तो पाहिलाच नाही असं समजून खेळायचं. त्या माहितीवर पुढे पान निवडायचं नाही. दक्षिणेने मात्र ती खुशाल वापरावी.

काकाजी अजून अडून. “म्हणजे दोस्तांत कोनी माफ करायचंच नाही का?”

करायचं, पण ते दक्षिणेने. डायरेक्टरला विनंती करावी, योग्य वाटलं तर तो दुरुस्ती सोडून देऊ शकतो. चुकलेल्या पूर्वेने स्वतःच पान उचलून घ्यायचं आणि शेजारच्याने “जाऊ द्या” म्हणायचं, हे चालणार नाही. यावर काकाजी जरा गप्प झाले, मग “हे ठीक हाये” म्हणाले.

पहिली उतारी पालथी टाकायची हा मूळ नियमच आम्ही आळसाने सोडला होता. पालथं पान चुकीच्या माणसाचं निघालं तर ते विनादंड परत घेता येतं. हा पालथ्या पानाचा नियम आता पाळायचा, आणि पाचवा जो बाहेर बसेल तोच डायरेक्टर, असं ठरलं. पुढचा डाव वाटला तेव्हा बाहेर काकाजी होते, आणि नियमांचं पुस्तक त्यांनी मास्तरांकडून मागून घेतलं.