तळहात चीनचा, आवळा आपला

दादा, एवढी मोठी कमेंट टाकलीत, बरं वाटलं, पण पटली नाही. मी पोस्टमध्ये 'ल्याओ रू जी जांग', म्हणजे तळहात दाखवावा इतकं स्वच्छ कळलेलं, ही चिनी म्हण कन्फ्यूशियस या चिनी तत्त्वज्ञाच्या वचनातून आली असं लिहिलं होतं. तुमचं म्हणणं असं की हे आपलंच 'करतलामलकवत्', म्हणजे तळहातावरच्या आवळ्यासारखं, आहे, भिक्खूंनी ते तिकडे नेलं आणि मी चिन्यांना फुकटचं क्रेडिट देतोय. आणि वर कन्फ्यूशियस 'मला ठाऊक नाही' म्हणाला हे मी उगाच घुसडलंय.

आधी तारखा बघा ना. कन्फ्यूशियस इ.स.पू. 551 ते 479 चा, बौद्ध धर्म चीनमध्ये पोचला साधारण इ.स. पहिल्या शतकात. त्याची वचनं ज्यात आहेत त्या 'लुन्यू'च्या बांबूच्या पट्ट्या 1973 मध्ये दिंगझोऊला एका राजाच्या थडग्यात सापडल्या, तो राजा वारला इ.स.पू. 55 मध्ये. मग भिक्खूंनी नेलं कधी?

आपला आवळा तिकडे गेलाच नाही असं नाही हां. चिनी शूरंगम सूत्र या बौद्ध ग्रंथात बुद्धाचा शिष्य अनिरुद्ध सगळं जंबुद्वीप तळहातावरच्या आवळ्यासारखं बघतो, आणि तिथे 'आमलक' हा शब्दसुद्धा चिनी उच्चारात तसाच ठेवलाय. म्हणजे आपली उपमा गेली ती फळासकट गेली, कन्फ्यूशियसचा हात मात्र रिकामाच. म्हणीचं चार अक्षरी रूप नंतरचं, चौदाव्या शतकात लिहिलेल्या सोंग घराण्याच्या इतिहासात ते जवळपास तसंच येतं, आणि आज एखाद्याला गल्लीबोळांची खडानखडा माहिती असली की सर्रास म्हणतात.

आता 'ठाऊक नाही'चं. कुणीतरी कन्फ्यूशियसला 'दी' या पूर्वजांच्या महायज्ञाचा अर्थ विचारला, तो म्हणाला ठाऊक नाही, ज्याला ठाऊक असेल त्याला सगळं राज्य इथे ठेवल्यासारखं दिसेल, आणि आपल्या तळहाताकडे बोट केलं. आता हा माणूस विधींचा एवढा जाणकार, त्याला खरंच ठाऊक नसेल? नंतरचा भाष्यकार जू शी (1130 ते 1200) सांगतो की हा यज्ञ सम्राटाचा हक्क, लू राज्य तो करत होतं ते नियमाला सोडून, आणि लू म्हणजे कन्फ्यूशियसचं स्वतःचं राज्य, मग उघड कसं बोलणार, म्हणून कानावर हात. मला हे पटतं, कारण लगेच आधीच्या वचनात तो म्हणतो की या यज्ञात सुरुवातीचं मद्य ओतून झालं की पुढचं मला बघवत नाही.

तरीही 'ठाऊक नाही' नकोच असेल तर 'जोंगयोंग' या कन्फ्यूशियस परंपरेतल्याच ग्रंथातलं वाक्य घ्या, तिथे सरळ म्हटलंय की या यज्ञांचा अर्थ कळला की राज्य चालवणं तळहात दाखवण्याइतकं सोपं. पण त्यात ती गंमत नाही राव, म्हणून मी ते घेतलं नव्हतं.