मंगळवार-शुक्रवारच्या दांड्या (प्रतिक्रियेला उत्तर)

दादा, तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. तुमचं म्हणणं असं की आम्ही सोशल वर्कवाले सगळं परिस्थितीवर ढकलतो, मग माणसाची जबाबदारी उरते कुठं, आणि पोराशी वीस मिनिटं बोललं की तो कसा आहे ते कळतंय. हे दुसरं मला अजिबात पटलेलं नाही.

आठवीतला एक पोरगा माझ्याकडं आला तेव्हा कागदावर 'अभ्यासात लक्ष नाही, सतत दांड्या' एवढंच होतं. समोर बसवून विचारलं तर मान खाली, एक शब्द नाही. मग हजेरीपट मागवला, तर दांड्या फक्त मंगळवारी आणि शुक्रवारी. घरी गेले, पंचगंगेकडच्या गल्लीत, भिंतीवर २०१९ च्या पुराची रेघ अजून होती आणि एकाच खिळ्याला पोराचा टाय आणि आजीच्या डायलिसिसच्या फाईलची पिशवी. आई सकाळी सातला धुण्याभांड्याला, बाप शिरोली एमआयडीसीत फौंड्रीत, मग आजीला केएमटीच्या (शहर बसच्या) गाडीनं नेणार कोण, तर हाच. सरकारच्या महात्मा फुले जनआरोग्य योजनेत डायलिसिस फुकट होतंय ओ, पण म्हातारीला हाताला धरून नेणारं माणूस योजनेत मिळत नाही.

मग इको-मॅप काढला, म्हणजे घर आणि त्याच्या भोवतीच्या नात्यांचा नकाशा. ॲन हार्टमन यांची १९७५ ची पद्धत, मधे घर, भोवती शाळा, दवाखाना, पाहुणे, काम असे गोल, घट्ट नात्याला जाड रेघ, ढिल्याला तुटक, ताणाला नागमोडी. कॅलेंडरच्या पाठकोऱ्या पानावर पोरानंच काढला. आजीकडं जाड रेघ, बापाकडची नागमोडी इतकी गिरवली की कागद फाटला. शेजारच्या काकूंचा गोल त्यानं आपणहून काढला, मी विचारलंही नव्हतं, आणि आता शुक्रवारी आजीबरोबर त्याच जातात.

राहिली जबाबदारी. बाप पितो, त्याला परिस्थिती म्हणून सोडलं नाही, तोंडावर बोलले. पोरानं रजेच्या चिठ्ठ्यांवर खोट्या सह्या केल्या होत्या, ते त्यानं बाईंसमोर स्वतः कबूल केलं. पण घर न बघता नुसतं दटावलं असतं तर पुढच्या मंगळवारी आजी घरातच बसली असती ना?

आणि माणसाबरोबर त्याची परिस्थिती बघणं हे बाहेरचं खूळ म्हणू नका, निदान कोल्हापुरात तरी. शाहू महाराजांनी १९०१ ला मराठा बोर्डिंग काढलं ते खेड्यातल्या पोरांना ढ ठरवून नव्हे, शहरात त्यांना राहायला-जेवायला जागा नाही हे बघून.

मंगळवारचं अजून सुटलेलं नाही. बापाची सुट्टी त्या दिवशी फिरवून मिळते का ते बघतोय.