पाचव्या इनिंगचा पाऊस

"अरे, डेकवरचे सांडगे तेवढे आत घे बाबा," आई म्हणाली.

"हो, एवढी इनिंग संपू दे."

एडिसन गावातल्या आमच्या घरात टीव्ही बेसमेंटमध्ये आहे. आई सोफ्यावर मांडी घालून बसली होती आणि मी मोबाइलवर ढग बघत होतो. खिडकी नसलेल्या खोलीत बसून मोबाइलवर ढग बघणारा माणूस एकतर वैमानिक असतो, नाहीतर त्याने बेसबॉलवर पैसे लावलेले असतात. मी वैमानिक नाही.

2018 साली सुप्रीम कोर्टाने खेळांवरच्या सट्ट्याची बंदी उठवली. ते भांडण कोर्टात नेणारं राज्य आमचंच, न्यू जर्सी. पूर्वी मुंबईत न्यूयॉर्कच्या कापसाच्या भावावर आकडे लागायचे आणि त्यातूनच पुढे मटका फोफावला. म्हणजे मी परंपरा पाळली, फक्त समुद्राच्या दुसऱ्या बाजूने.

मला या मार्गाला लावलं आमच्या मंडळातल्या एका काकांनी. गणपतीच्या वर्गणीचा हिशेब त्यांच्याकडे नसतो, यावरून काय ते समजा. त्यांच्या मते बेसबॉलचा सट्टा म्हणजे निम्मी वेधशाळा. "खेळाडू काय बघतोस? वारा बघ!" शिकागोच्या रिगली फील्डवर तळ्याकडून वारा आत आला की होम रन व्हायचा चेंडू हवेतच दमतो, वारा उलटा फिरला की तोच चेंडू भिंतीपलीकडे. पाऊस तर याहून वाईट. तास-दीड तास खेळ थांबला की पिचरचा, म्हणजे चेंडू टाकणाऱ्याचा, खांदा गार पडतो आणि मग त्याला पुन्हा सहसा उतरवत नाहीत. ज्याच्या भरवशावर तुम्ही पैसे लावले, तो आंघोळ करून शेंगदाणे खात बसलेला असतो.

तर माझे वीस डॉलर न्यूयॉर्कचा मेट्स संघ जिंकणार यावर होते, आणि दुसरे वीस दोन्ही संघांच्या मिळून साडेआठपेक्षा कमी रन होणार यावर.

"अर्धी रन कोण काढतं रे?" आईने विचारलं.

"कोणीच नाही. बरोबरी होऊ नये म्हणून ठेवतात."

"मग नऊ म्हण की सरळ."

चौथी इनिंग संपली तेव्हा मेट्स 2-3 असे मागे होते. इथे नियम सांगायला हवा, कारण माझी सगळी शोकांतिका त्यात आहे. क्रिकेटमध्ये पाऊस आला की निदान डकवर्थ-लुईस नावाचं गणित येतं. आपल्याला ते कळत नाही, पण कुणीतरी विचार केलाय असं वाटतं. इथे तसलं काही नाही. पाच इनिंग पुऱ्या झाल्या आणि पुढे खेळताच आलं नाही, तर जो पुढे तो जिंकला. त्याआधी पाऊस आला तर सामना अर्धवट ठेवून नंतर पुढे चालू करतात, आणि तो लगेच झाला नाही तर माझ्या ॲपच्या नियमाप्रमाणे पैसे परत. रनांच्या बेरजेवरच्या पैशांना मात्र नऊ इनिंग, म्हणजे पूर्ण सामना, लागतो.

थोडक्यात, मला पाऊस लगेच हवा होता. आमच्या सात पिढ्यांनी मिरगाच्या पावसासाठी आभाळाकडे डोळे लावले, पण इतक्या कळकळीने कुणी लावले नसतील.

चहा ठेवायला वर गेलो, तर स्वयंपाकघराच्या खिडकीवर टपोरे थेंब! इथलं हवामान बहुतेक पश्चिमेकडून पूर्वेकडे सरकतं, म्हणजे आधी एडिसन आणि मग तीस-पस्तीस मैलांवरचं मेट्सचं क्वीन्समधलं मैदान. मी ओट्याशी उभा राहून हिशेब केला: पाऊण तास. खिडकी धुऊन निघत होती आणि मी चहात आलं किसत होतो. इतका सुंदर पाऊस मी अमेरिकेत पाहिला नव्हता.

पण 2023 पासून पिचरवर घड्याळ लावलंय. पूर्वी हे लोक चेंडू टाकण्याआधी टोपी सारखी करायचे, बूट आपटायचे, क्षितिजाकडे बघायचे. आता पंधरा-अठरा सेकंदांत टाकावाच लागतो. पाचवी इनिंग चहा निवायच्या आत आटपली. गुण तेच. सहाव्या इनिंगमध्ये मेट्सचे दोन गडी बेसवर पोचले, आता रन होतील, पाऊस अजिबात नको असं मी मनात म्हणालो, आणि क्वीन्सवर आभाळ फाटलं.

पंधरा-वीस पोरं धावत आली आणि त्यांनी भलंमोठं आवरण मैदानावर ओढायला घेतलं.

"अगंबाई, ताडपत्री!" आई पहिल्यांदाच सरसावून बसली. अवकाळीत खळ्यावरची हळद झाकण्यात तिची उमर गेली. "वाऱ्याकडचं टोक आधी धरा रे! हां, आता दाबा. दगड कुठायत?" वाळूच्या पिशव्या आल्या तशी ती मागे टेकली. "शिकलेली पोरं आहेत."

मी काकांना फोन लावला. त्यांनी धीर दिला, म्हणजे इतिहास सांगितला. 1990 मध्ये शिकागोत लोक सात तास तेवीस मिनिटं थांबले आणि एकही चेंडू पडला नाही. 1976 मध्ये ह्यूस्टनच्या छप्पर असलेल्या मैदानातला सामना पावसाने रद्द झाला. आत सगळं कोरडं, खेळाडू हजर, पण रस्ते तुंबल्याने पंच पोचलेच नाहीत. 2008 च्या वर्ल्ड सिरीजमध्ये फिलाडेल्फियाचा सामना 2-2 वर थांबला तो दोन दिवसांनी तिथूनच सुरू झाला. "बरोबरी असती तर तुझाही तसाच राहिला असता," काका म्हणाले. असल्या माणसाला फोन करू नये.

दीड तासाने सामना संपल्याचं जाहीर झालं. फोन दोनदा वाजला. मेट्सवरचे वीस डॉलर गेले, कारण पाच इनिंग झाल्या होत्या. रनांच्या बेरजेवरचे वीस जसेच्या तसे परत आले, कारण नऊ झाल्या नव्हत्या. जी पैज हरलो ती पक्की आणि जी जिंकत होतो ती रद्द.

"किती गेले?" आईने विचारलं. तिने लगेच त्यांना रुपयांनी गुणलं आणि ओठ मिटून जिना चढायला लागली. मागोमाग मीही गेलो. पाऊस कधीच थांबला होता. तिने डेकचा दिवा लावला.

प्लास्टिकच्या कागदावर सांडगे नव्हते. कडेला हळदीचं पिवळं पाणी होतं, आणि मधे मटकीच्या डाळीचा एकसंध लगदा, त्यात तरंगणाऱ्या ओव्यासकट.

आई बराच वेळ बघत राहिली.

"त्या पोरांनी काय झाकलं रे मघाशी?"

"पिच... म्हणजे, मैदान."

"मातीच ना?"

"हो."

गॅरेजमध्ये, बर्फ काढायच्या फावड्यामागे, आमची निळी ताडपत्री घडी घालून ठेवलेली होती. आईला ती कुठे असते हे माहीत होतं. तिने फक्त गॅरेजच्या दाराकडे एकदा पाहिलं आणि लगदा भरायला पातेलं आणायला आत गेली.