गुरगुरणारा कुत्रा ‘मालक’ व्हायला निघालेला नसतो

सध्या एक सल्ला सगळीकडे फिरतोय: ‘मोठ्या जातीचा कुत्रा दोन वर्षांचा झाला की घरावर सत्ता गाजवायला बघतो. अचानक गुरगुरला तर तिथंच आडवा पाडा, मान दाबून धरा, शरण येईपर्यंत सोडू नका. तरीही नाही सुधारला तर नसबंदी करा.’ हे वाचून कुणीतरी आज खरंच कुत्र्याला आडवा पाडेल, म्हणून लिहितोय.

आधी सत्तेचं बघू. ही कल्पना लांडग्यांवरून आली. १९४७ मध्ये प्राण्यांचे अभ्यासक रुडॉल्फ शेंकेल यांनी बंदिस्त जागेत एकत्र ठेवलेल्या लांडग्यांच्या भांडणांवर लिहिलं. लांडग्यांचे अभ्यासक डेव्हिड मीच यांनी १९७० च्या पुस्तकातून ‘अल्फा’, म्हणजे भांडून कळपाचा म्होरक्या झालेला लांडगा, ही कल्पना लोकांपर्यंत नेली आणि रानातले लांडगे जवळून पाहिल्यावर १९९९ मध्ये त्यांनीच ती मांडणी खोडून काढली. रानातला कळप म्हणजे बहुतेकदा आईबाप आणि त्यांची पोरं. कुत्रा तर लांडगाही नाही.

वयाचा मुद्दा मात्र अर्धा खरा आहे. मोठ्या जातींचे कुत्रे मनाने मोठे होतात ते साधारण दीड ते तीन वर्षांच्या दरम्यान. कालपर्यंत खपवून घेतलेला अनोळखी कुत्रा त्यांना आता नकोसा होऊ शकतो. पण हा बदल हळूहळू येतो. चार दिवसांत स्वभाव पालटला, तर आधी शरीर तपासायचं.

माझा जर्मन शेफर्ड अडीच वर्षांचा असताना ब्रश करताना गुरगुरला. तेव्हाच लक्षात यायला हवं होतं: गाडीत चढताना तो दोनदा थबकायचा, बसताना एक मागचा पाय बाजूला टाकायचा. एक्स-रेत खुब्याचा सांधा सैल निघाला. ब्रश मागच्या मांडीवर आला की त्याला कळ जात होती, आणि ते सांगायला त्याच्याकडे दुसरी भाषा नव्हती. त्या दिवशी मी त्याला दाबून धरलं असतं तर काय झालं असतं, याचा विचार आजही नको वाटतो.

खुब्यासारखंच कोपराचं, गुडघ्याच्या लिगामेंटचं, कानाच्या संसर्गाचं, दाताचं. अपस्मारही (फिट येणं) बऱ्याचदा याच वयात सुरू होतो. डॉक्टरांकडे जाताना त्याच्या चालण्याचा, उठण्याबसण्याचा व्हिडिओ न्या. दवाखान्यात घाबरलेला कुत्रा दुखणं लपवतो. माणसांची वेदनाशामक गोळी मात्र देऊ नका, आयबुप्रोफेन तर जिवावर बेतू शकतं.

आडवं पाडण्याबद्दल थोडक्यात: गुरगुर ही सूचना आहे. ती मार देऊन बंद केली की दुखणं तसंच राहतं आणि कुत्रा पुढच्या वेळी न सांगता चावतो. तो गुरगुरला की हात मागे घ्या, त्याला जागा द्या, मुलांना दूर ठेवा. मुसकं घालायची सवय आधीच, खाऊ देत लावा.

नसबंदीने भीतीतून किंवा वेदनेतून आलेला राग जात नाही. भित्रा कुत्रा कधीकधी आणखी बिथरतो.

आणि एक गोष्ट या सल्ल्यात कुठेच नाही, तिचाच मला सर्वांत जास्त राग येतो. लस चुकलेला किंवा दुसऱ्या जनावराने चावलेला कुत्रा अचानक बदलला, लाळ गाळू लागला, आवाज बदलला, तर रेबीजची शंका घ्यायची. त्याला हात न लावता वेगळं ठेवायचं आणि पशुवैद्यांना लगेच फोन करायचा. चावा, ओरखडा किंवा लाळ लागलेली जखम असेल तर साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवायची आणि त्याच दिवशी लस घ्यायला जायचं. अशा कुत्र्याच्या तोंडाशी वाकून मान दाबायला सांगणारा सल्ला कृपा करून पुढे पाठवू नका.