रिपीटचं चिन्ह पुसायला कुणी सांगितलं?

माझी भाची कॉलेजच्या बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवते. यंदा २६ जानेवारीच्या मार्चचे, म्हणजे संचलनाच्या धुनेचे, पार्ट (प्रत्येक वाद्याचे स्वर लिहिलेला वेगळा कागद) संगणकावर लिहून काढायचं काम तिने स्वतःहून अंगावर घेतलं. मागच्या आठवड्यात तिची पीडीएफ आली. दोन पानांत बसणारा क्लॅरिनेटचा पार्ट पाच पानांवर गेला होता आणि त्यात रिपीटचं, म्हणजे 'हाच भाग पुन्हा वाजवा' असं सांगणारं, एकही चिन्ह नव्हतं. फोन केला तर म्हणाली, "मावशी, हल्ली असंच लिहायचं असतं, थांब, तुला मेसेज पाठवते."

मेसेज वाचला. तोच मला आदल्या दिवशी दोन वादक मित्रांकडूनही आला होता, तेव्हा मी सोडून दिला होता. आता सोडणार नाही. त्यात म्हटलंय ते असं: नोटेशनचं, म्हणजे स्वर लिहायचं आणि ते वाजवून दाखवणारं सॉफ्टवेअर रिपीट केलेला भाग दोन्ही वेळा एकाच आवाजात वाजवतं आणि त्यावर काही इलाज नाही. म्हणून रिपीटची चिन्हं काढा, तो भाग कॉपी करून पुढे चिकटवा. 'पी–एफ' असं लिहिणं चूक आहे, कारण संगणकाला ते कळत नाही. मुळात रिपीट म्हणजे जसंच्या तसं पुन्हा, फरक हवा असता तर संगीतकाराने तो भाग दोनदा लिहिला असता. आणि फारच वाटलं तर मिक्सरमध्ये आवाज कमी करा.

"रिपीट म्हणजे जसंच्या तसं" या वाक्यापासून सुरुवात करते, कारण सगळ्यात जास्त नुकसान तेच करतं. सॉफ्टवेअरला काय जमतं यावरून संगीताचा नियम ठरवलाय! आणि तोही मार्चच्या बाबतीत, जिथे परंपरा नेमकी उलटी आहे. पी म्हणजे पियानो, हळू आवाजात. एफ म्हणजे फोर्टे, जोरात. रिपीटच्या सुरुवातीला 'पी–एफ' लिहिलं की पहिल्या वेळी हळू आणि दुसऱ्या वेळी जोरात, हे बँडमधल्या पहिल्या वर्षाच्या पोरालाही शिकवतात.

जॉन फिलिप सूझाचंच घ्या. १८८० ते १८९२ तो अमेरिकेच्या मरीन बँडचा प्रमुख होता आणि नंतर त्याने स्वतःचा बँड काढला. आज त्याच मरीन बँडने त्याचे मार्च नव्याने संपादित केलेत. स्कोअर (सगळ्या वाद्यांचे स्वर एकत्र असलेली प्रत) आणि पार्ट कुणालाही फुकट उतरवून घेता येतात. सूझा स्वतः कसं वाजवून घ्यायचा, त्याच्या टिपा त्यात दिल्यात. छापलेल्या पार्टमध्ये साधं रिपीट दिसतं. पण पहिल्या वेळी तो बरेचदा कॉर्नेट, ट्रॉम्बोन, पिकोलो, झांजा अशी वाद्यं थांबवायचा आणि बाकीच्यांना हळू वाजवायला लावायचा. दुसऱ्या वेळी सगळा ताफा पूर्ण जोमात आत यायचा. हे बदल जुन्या छापील पार्टमध्ये बहुतेक वेळा नसतच, ते त्याच्या बँडमधल्या वादकांच्या आठवणींतून आणि खुणा केलेल्या पार्टवरून गोळा झाले. म्हणजे ज्याला 'मार्च किंग' म्हणतात त्याने फरक हवा असूनही तो भाग दोनदा लिहिला नाही. शंका असेल त्याने ही आवृत्ती उघडून बघावी, दुसरा पुरावा लागणार नाही. आणि आपल्याकडे तरी मुखडा दर वेळी त्याच वजनाने कोण म्हणतं?

आता "इलाज नाही". सिबेलियस या नोटेशनच्या सॉफ्टवेअरमध्ये इन्स्पेक्टर ही खिडकी उघडा, प्लेबॅकच्या भागात 'प्ले ऑन पास' (कितव्या वेळी वाजवायचं) म्हणून १ ते ८ आकड्यांचे चौकोन आहेत. एकाच सुराखाली पी आणि एफ दोन्ही टाका. पी निवडून फक्त १ वर खूण ठेवा, एफ निवडून फक्त २ वर. दोन्ही छपाईतून लपवा आणि वाचणाऱ्यासाठी साध्या मजकुरात 'पी–एफ' लिहा. पाच मिनिटांचं काम आहे. फिनाले या दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्येही एक्स्प्रेशनच्या (पी, एफसारख्या खुणांच्या) प्लेबॅक टॅबवर कितव्या वेळी वाजायचं ते भरायची जागा आहे. ऑगस्ट २०२४मध्ये कंपनीने फिनालेचा पुढचा विकास थांबवला, पण ते अजून कित्येकांच्या संगणकावर आहे. लिलिपाँड या सॉफ्टवेअरमध्ये छपाईचा आणि मिडीचा (संगणकाने वाजवायच्या फाइलचा) भाग वेगळा ठेवून फक्त मिडीच्या भागात 'अनफोल्डरिपीट्स' ही आज्ञा दिली की छापील प्रतीत रिपीट तसंच राहतं आणि मिडी फाइलमध्ये ते उलगडून वाजतं.

एक गोष्ट मात्र मान्य करावी लागेल. भाची वापरते ते म्युझस्कोअर, आणि तिच्या संगणकावरच्या आवृत्तीत असा चौकोन मलाही सापडला नाही. तिथे 'पी–एफ' हा मजकूर नुसता लिहिला तर आवाजात काही फरक पडत नाही. मेसेजमधलं तेवढं खरं. पण म्हणून वादकांचे पार्ट का बिघडवायचे? ऐकायची फाइल वेगळी ठेवा. मूळ फाइलची प्रत काढा, त्या प्रतीत रिपीट उलगडा, पहिल्यावर पी, दुसऱ्यावर एफ टाका, ऑडिओ काढा, पोरांना पाठवा. छापायची फाइल रिपीटसकट तशीच राहू द्या.

छापील पार्टमध्ये कॉपी-पेस्ट केल्यावर काय होतं ते परवाच्या तालमीत दिसलं. चालत वाजवताना पार्ट वाद्यावरच्या क्लिपमध्ये अडकवलेला असतो. पाच पानं तिथे राहत नाहीत आणि दोन्ही हात वाद्यावर असताना पान उलटता येत नाही. त्यातून ट्रिओमध्ये (मार्चच्या उत्तरार्धातल्या भागात) एक सूर चुकला होता, बी फ्लॅटच्या जागी बी नॅचरल. भाचीने तो पहिल्या ठिकाणी दुरुस्त केला आणि चिकटवलेल्या ठिकाणी विसरली. पहिल्या वेळी सहाही क्लॅरिनेट नीट वाजली. दुसऱ्या वेळी ज्यांना चाल पाठ होती ते बी फ्लॅटवर गेले आणि जे कागद वाचत होते ते नॅचरलवर. मास्तरांनी दोनदा थांबवलं. बिचारी पोरगी रडवेली झाली. रिपीटचं चिन्ह असतं तर तो सूर कागदावर एकदाच असता.

मिक्सरचा सल्ला तर अगदीच चुकीचा आहे. म्युझस्कोअरमध्ये पीची ठरावीक व्हेलॉसिटी (सूर किती जोराने वाजवायचा त्याचा आकडा) ४९ आणि एफची ९६, मिडीच्या १२७ पर्यंतच्या पट्टीवर. चांगल्या ध्वनिसंग्रहात व्हेलॉसिटी बदलली की सुराचा पोतही बदलतो, कारण हळू फुंकलेला ट्रम्पेट वेगळा रेकॉर्ड केलेला असतो, त्याचा सूर मऊ आणि गोल असतो. मिक्सरची दांडी खाली ओढली की जोरात फुंकलेलाच ट्रम्पेट लांबून ऐकू येतो. पोरं ते ऐकून सराव करतात आणि हळू वाजवायचं म्हणजे काय हे त्यांच्या कानावर चुकीचं बसतं.

'पी–एफ चूक आहे' यावर वेगळं काही लिहीत नाही. कागद वाचणारा माणूस असतो, त्याला ते कळतं.

सिबेलियसवाल्यांना एक सांगायचं राहिलं. दुसऱ्या वेळचा एफ रिपीट संपल्यावरही पुढे चालू राहतो, म्हणून पुढच्या भागाच्या पहिल्या बारवर त्याचं स्वतःचं चिन्ह टाका. आणि मधे क्रेशेंडो (आवाज हळूहळू वाढवायची खूण) असेल तर त्यालाही कितव्या वेळी वाजायचं त्याची खूण करा, नाहीतर तो दोन्ही वेळा वाजेल. भाचीची नवी पीडीएफ काल रात्री आली, क्लॅरिनेटचा पार्ट पुन्हा दोन पानांचा झालाय. ट्रॉम्बोनचा अजून व्हायचाय.