सस्पेन्शन राहू द्या, कॅरियरचे आटे बघा

लेखात कमी बजेटमध्ये लांबच्या टूरसाठी पुढे सस्पेन्शनवाली (धक्के झेलायला पुढच्या चाकावर स्प्रिंग असलेली) सायकल सुचवलीय. नाही पटलं बुवा. स्वस्तातलं सस्पेन्शन म्हणजे नुसतं वजन. वाईहून पसरणी घाट चढायला घ्या, उभं राहून पॅडल मारलं की निम्मा जोर तेच खातं. साधा, बिनस्प्रिंगचा फोर्क (पुढचं चाक धरणारा चिमटा), ३५ मिमीचे टायर, मागच्या चाकाला ३६ स्पोक, बास.

गिअर मात्र नीट बघून घ्या. पॅडलजवळचं पुढचं लहान चक्र २८ दात्यांचं, मागचं मोठं ३४ चं असेल तर सामानासकट साताऱ्याजवळच्या यवतेश्वरचा चढही बसून निघतो, वेळ लागेल तो लागेल. आणि दुकानातच खाली वाकून मागच्या एक्सलजवळ फ्रेमला कॅरियरचे आटे (स्क्रू बसायची भोकं) आहेत का बघा. नसले तर दुकानदार पट्टीच्या क्लॅम्पवर भागवतो (‘काय होत नाही साहेब’), अन् खड्ड्याखड्ड्यांत कॅरियर सरकत ब्रेकवर येऊन बसतो.